एकटीला जमणार नाही

"न्हेवचां तां न्हेयत नाय, आणि ठेवचां तां ठेयत नाय! सरकाराक डोळे आसत काय काजीचे बोंडू?"

तुळसा तांदूळ धुता धुता टोपाशी बोलत होती. धामणखोलच्या शाळेमागे पत्र्याची एक खोप आहे, तिच्यात पोरांची खिचडी शिजते. खोपीला लागूनच धान्याची कोठी. मध्ये फक्त एक पत्रा. त्या पत्र्याच्या पलीकडे कोठीत सुगंधा तूरडाळ मोजत उभी आहे, हे तुळसाच्या गावीही नव्हतं.

"गुरजी चलले. देवमाणूस चललो. आणि आमची बाय? फणसाच्या चिकासारखी. चिकाटली ती चिकाटली. तेल लावल्यार पण सुटाची नाय."

सुगंधाच्या हातातलं माप अर्ध्यावर थांबलं. मग तिने ते शांतपणे भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि खोकली.

पलीकडे टोपावरचं झाकण पडलं. "अगो बाये! बाईनु, तुमी हयच आसात? मी आपली सरकाराक शिये घालतंय हां."

"घाल गो, घाल," सुगंधा म्हणाली. "माझ्या वाटणीचे पण दोन घाल. आणि ही डाळ घे. चिकाटली नाय अजून, मोकळी आसा."

तुळसाने मान खाली घालून डाळ घेतली. वाईट स्वभावाची नव्हती ती. पण तिच्या मनात आलेलं आधी तोंडात यायचं, मग कधीतरी डोक्यात जायचं.

सुगंधा वर्गात परत आली. तिसरीची पोरं पाढे म्हणत होती, आणि पलीकडच्या वर्गातून बालाजी गुरुजींच्या पोरांचं हसणं येत होतं. त्यांच्या वर्गातून नेहमी हसणंच येतं. सुगंधाच्या वर्गातून पाढे येतात. पाढे काही वाईट नसतात, पण जाता-येता कोणी माणूस पाढे ऐकायला थांबत नाही, हसणं ऐकायला मात्र थांबतो. गावातल्या विश्रामची बायको तर पाण्याचा हंडा कमरेवर घेऊन गुरुजींच्या खिडकीशी उभी राहायची. सुगंधाने तो हंडा मनातल्या मनात किती वेळा ओतला होता, ते तिचं तिला माहीत.

बालाजी लोहकरे गुरुजी लातूरकडचे. पाच वर्षांपूर्वी कसालला एसटीतून उतरले तेव्हा अंगावर धूळ, हातात एक ट्रंक आणि तोंडात एकच प्रश्न होता: "मॅडम, इथं पाऊस आडवा येतो म्हणतेत, खरंय का?" सगळं गाव सुगंधाला बाई म्हणतं. मॅडम म्हणणारा हा पहिलाच. तेव्हा तिला ते आवडलं होतं.

त्याच्या आधीची चार वर्षं शाळेत ती एकटीच होती. जुने गुरुजी बदलून गेले, नवे कोणी येईना. एकाच खोलीत चार इयत्ता चार भिंतींना तोंड करून बसवायची आणि स्वतः मधोमध फिरायची, देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. पहिलीला अक्षर, दुसरीला बेरीज, तिसरीला कविता, चौथीला नकाशा, आणि परत पहिली. त्या काळात तिच्या गुडघ्यांनी जे दुखायला घेतलं ते अजून दुखतंच आहे. पण चौथीची पोरं पाचवीत कसालला गेली तेव्हा तिथल्या मास्तरांनी विचारलं होतं, ही पोरं कुठल्या शाळेची? असं कोणी विचारलं होतं, ही गोष्ट गावात फक्त तिलाच आठवत होती.

मग बालाजी गुरुजी आले. पहिल्या वर्षी त्यांनी पोरांना लेझीम शिकवलं. दुसऱ्या वर्षी वादळ झालं, शाळेचे पत्रे उडाले, तेव्हा ताडपत्र्या भरलेला टेम्पो गावात आला. "रिलीफ इलो, रिलीफ इलो," म्हणून पोरं धावली. कोणाला किती ताडपत्री हे गुरुजींनी वाडीवाडीत फिरून असं लावून दिलं की एकाचंही भांडण झालं नाही. धामणखोलात वाटप झालं आणि भांडण झालं नाही, हे देवळाच्या पायरीवर कोरून ठेवण्यासारखं होतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी तो नकाशा केला.

तो नकाशा हे सुगंधाचं खरं दुखणं.

शाळेच्या व्हरांड्यात एका जुन्या दाराच्या फळीवर, गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या शाळेतून माती आणून, त्यांनी आणि पोरांनी तालुका उभा केला. हातभर उंच सह्याद्री, खाली उतरणारे कातळाचे सडे, दऱ्या, पाण्याचे व्हाळ, आणि पश्चिमेच्या कडेला निळा समुद्र. गुरुजी त्याला रिलीफ मॅप म्हणत. पोरं म्हणत, "उठलेलो नकाशो." डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचं, हा डोंगर, हा उतार, हा आमचा व्हाळ. आणि धामणखोलच्या जागी प्रत्येक पोराने आपापल्या घराच्या ठिकाणी एकेक काजूची बी खोचली होती. गुरुजींच्या भाड्याच्या खोलीवर पोरांनी आपण होऊन एक बी खोचली, तांबडी रंगवून.

सुगंधाच्या घरावर बी नव्हती.

का नव्हती ते उघड होतं. तिच्या घरातलं आता कोणी शाळेत नाही. मुलगा निलेश गोव्याला हॉटेलात कामाला आहे. ज्याचं पोर शाळेत त्याची बी, इतका साधा हिशोब. तरीपण शाळा सुटल्यावर, कोणी नसताना, तिने आपल्या घराच्या जागेवर बोट फिरवून पाहिलं होतं. एकदा नव्हे. तिथली माती गुळगुळीत होती.

आणि आता गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला होता. पहिल्याच वर्षी त्यांनी अर्ज केला होता, त्याचा यंदा नंबर लागला. सुगंधानेच सकाळी तुळसाला सांगितलं होतं, "गुरुजींका रिलीव्ह करूचो हुकूम इलो."

"म्हणजे काय गावतला त्यांका?" तुळसाने विचारलं होतं. तिला रिलीफ म्हणजे ताडपत्री ठाऊक, नाहीतर कसालच्या औषधवाल्याकडची गुडघ्याला चोळायची ट्यूब.

"त्यांचां घर गावतला," सुगंधा म्हणाली होती. आणि तुळसाचा चेहरा असा उतरला होता की आपण मेलो तरी इतका उतरेल का, असा एक विचार सुगंधाच्या मनात येऊन गेला. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मग परत तोच विचार आला.

*

संध्याकाळी सुगंधा ओटीवर बसून कोकमं फोडत होती. बाजूला तिचे सासरे हरिश्चंद्र सुपारी कातरत बसले होते. तेवढ्यात घरापुढच्या खळ्यात पावलं वाजली.

"बाईनु, आसात मां घरात?"

विश्राम होता, शाळेच्या समितीचा अध्यक्ष. मागे त्याची बायको, तुळसा आणि आणखी चार-पाच जणी. विश्रामच्या खांद्यावर एक फणस होता, कापा, चांगला तयार झालेला. इतक्या वर्षांत या घरी गावातून फणस आला नव्हता. सुगंधा लगबगीने उठली, खुर्ची पदराने पुसली, सरबत केलं. सगळी बसली. विश्रामने घसा खाकरला.

"बाईनु, तुमी शाळेसाठी कितक्या केलास, तां काय आमका म्हायत नाय असां नाय."

सुगंधाचा हात सरबताच्या पेल्यावरच राहिला. माणूस पन्नाशीला आला तरी कौतुकाच्या नुसत्या वासाने त्याचं काय होतं, बघा.

"एकटीन चार वर्सां शाळा वढलास."

"वढलंय खरी," ती हळूच म्हणाली.

"म्हणान तुमका सांगूक इलव. केंद्रप्रमुखांचो फोन इल्लो मां तुमका?"

फोन आला होता. केंद्रप्रमुख म्हणाले होते, "मॅडम, लोहकरे सरांच्या जागी माणूस कधी मिळेल ते सांगता येत नाही. तुम्ही एकटीने शाळा सांभाळायला तयार असाल तर तसं लिहून द्या, आम्ही त्यांना लगेच कार्यमुक्त करतो. जमणार नसेल तर तसं लिहा. मग त्यांना थांबावं लागेल."

"मगे तुमी एकच वळ लिवा," विश्राम म्हणाला. "एकटीन जमाचां नाय. बस. गुरुजी रवतले."

हरिश्चंद्रांनी नवी सुपारी अडकित्त्यात धरली.

"पण जमलां हुतां," सुगंधा म्हणाली.

"तेव्हा जमलां ओ. तेव्हाची पोरां वेगळी."

"तुजो मोठो झील तेव्हाचोच, विश्राम. तो वेगळो हुतो? तेणी माका वर्गात बेडूक हाडून दाखवलो हुतो."

बायका हसल्या. विश्रामही हसला, पण जागचा हलला नाही. "बाईनु, ह्या वळीन तुमचां काय जातां? तुमी खंय जातास? तुमी हयच आसास."

हेच ते. तुमी खंय जातास. मागे तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, दीड महिना ती कुडाळला बहिणीकडे होती. परत आली त्या दिवशी तुळसाने खोपीतून मान बाहेर काढून विचारलं होतं, "बाईनु, काल खंय दिसाक नाय?" आणि त्याच्याही आधी एकदा कुडाळच्या शाळेत जागा निघाली होती. हमरस्त्याला लागून, पक्की इमारत, सहा शिक्षक. अर्ज भरायचा म्हणून तिने घरात नुसता विषय काढला, तर सगळे हसले होते. सासरे, नवरा, शेजारी. तू खंय जातलंस गो? तिने अर्ज भरला नाही. तिला कोणी अडवलं असतं तर कदाचित भरला असता.

"विचार करतंय," ती म्हणाली.

"विचार काय तो? सोमवारी देवळात गाराणां पण घालतंव, गुरुजींसाठी. काय ओ हरिश्चंद्रानु?"

हरिश्चंद्रांनी सुपारीची खांडं तळहातावर गोळा केली. देवासमोर गावचं गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालायचा मान त्यांच्या घराचा. त्यांनी नुसती मान हलवली.

मंडळी गेली. फणस ओटीवर राहिला. सुगंधा त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तोच हे सगळं बोलला होता.

"बाबा, तुमका काय वाटता?"

"माका वाटान काय उपयोग गो? गाराण्यात मी फकस्त तोंड. मन गावाचां."

"आणि माजां?"

हरिश्चंद्रांनी तिच्याकडे पाहिलं, खांडं तोंडात टाकली आणि सावकाश चावत राहिले.

*

रात्रभर ती ओळ तिच्या डोक्यात फिरली. एकटीला जमणार नाही. लिहिलं तर ऑफिसातल्या फायलीत कायमचं जाणार: धामणखोलच्या बाईंना एकटीला जमत नाही. बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. नाही लिहिलं तर गाव म्हणणार, बाईनेच गुरुजींना घालवलं, हेव्याने. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की गावाचं म्हणणं खोटं ठरणार नव्हतं. तिला ते जायला हवे होते. त्यांचं लेझीम, त्यांचं हसणं, ती तांबडी बी, सगळं एसटीत बसून लातूरला जायला हवं होतं. मग ती एकटी राहिली असती आणि गावाला दुसरं कोणी कौतुक करायला उरलं नसतं. तिने कुशीवर वळून स्वतःला एक शिवी दिली. तीही मनापासून लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गुरुजींच्या खोलीवर गेली. निकालपत्रकं तपासायची आहेत, असं निमित्त होतं. गुरुजी विश्रामच्याच घराच्या टोकाला एका खोलीत राहायचे. पुढे छोटी पडवी. गुरुजी आत चहा करायला गेले आणि सुगंधा पडवीत बसली.

बसल्या बसल्या तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी कळेना काय. मग कळलं. पडवी उघडी होती.

इकडे पावसाळ्याआधी प्रत्येक पडवीला झाप बांधतात. माडाच्या झावळ्या विणून केलेले पडदेच ते, नाहीतर आडवा पाऊस थेट घरात येतो. बाकीचा गाव ते मे महिन्याच्या शेवटी बांधतो. गुरुजींचं तसं नव्हतं. त्यांना सुट्टीत गावी जायचं असायचं, परत यायचे तेव्हा पाऊस लागलेला असायचा. म्हणून ते एप्रिल संपायच्या आत झाप बांधून जायचे. पहिल्या वर्षी त्यांना हे ठाऊकच नव्हतं. पहिल्याच सरीत त्यांची पुस्तकं, गादी, पोरांचे पेपर, सगळं भिजलं. तेव्हा सुगंधाने त्यांना झाप कसा धरायचा, गाठ कुठे मारायची, ते इथेच उभं राहून शिकवलं होतं. दुसऱ्या वर्षीपासून पोरं जमायची, विश्राम झावळ्या द्यायचा आणि एका दुपारी हसतखेळत पडवी बंद व्हायची.

यंदा परवाच्या दिवशी निकाल लागणार होता आणि सोमवारी रात्री गुरुजी निघणार होते. आणि पडवीच्या वाशांवर गेल्या वर्षीच्या काथ्याच्या गाठी नुसत्या लोंबत होत्या. विश्रामने दिलेल्या झावळ्या खळ्याच्या कोपऱ्यात तशाच पडून वाळल्या होत्या.

विश्राम रोज या पडवीसमोरून जात होता. त्याची बायको इथूनच हंडा नेत होती. तुळसाचं घर समोरच. सगळ्या गावाने बघितलं होतं. बघितलेलं कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

गुरुजी चहा घेऊन आले.

"झाप नाही बांधलेत यंदा?" सुगंधाने विचारलं.

गुरुजींनी तिच्या पुढ्यात बशी ठेवली. "बांधू की. वेळ आहे अजून."

"कधी? सोमवारी तर निघणार तुम्ही."

"होय. बघू." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "मॅडम, लोक लई जीव लावायलेत. सगळेच राहा म्हणायलेत. विश्रामदादा तर काल माझ्यासमोर रडले. त्यांना कसं काय सांगावं?"

"काय सांगावं?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर एक फोटो होता, त्यांची बायको आणि शेजारी एक मुलगी. सुगंधाने पहिल्यांदा बघितला तेव्हा फोटोतली मुलगी पाळण्यात होती. आता फोटो बदलला होता, मुलीच्या पाठीवर दप्तर होतं.

"तिकडं तिला शाळेत घातलंय," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्यांची पोरं शिकवतो मी, मॅडम. चांगली शिकवतो, असं सगळे म्हणतेत." आणि हसले. त्यांचं ते हसणं वर्गातून यायचं तसलं नव्हतं.

सुगंधाने चहा संपवला. घरी जाताना तिचा राग कुठे जाईना आणि ठेवायलाही जागा मिळेना. तिला त्यांनी जायला हवं होतं. त्यांनाही जायचं होतं. म्हणजे तिने "जमेल" असं लिहून दिलं तर त्यांच्यावर उपकार होणार, गावात तिची नालस्ती होणार, आणि जाताना सगळं गाव एसटी थांब्यावर रडणार, तेही त्यांच्यासाठीच. या माणसाला जायचं असलं तरी जाण्याचासुद्धा मान त्यालाच! हेवा करायला आणखी काय हवं?

*

सोमवारी सकाळी रवळनाथाच्या देवळात गाव जमला. निकाल लागला होता, शाळा बंद होती, म्हणून पोरंही आली होती. गुरुजींना विश्रामने नवा टॉवेल खांद्यावर टाकून पुढे उभं केलं आणि त्यांच्या हातून देवासमोर नारळ ठेवला. सुगंधा बायकांत मागे, खांबाला टेकून उभी राहिली. गुडघ्याला ट्यूब चोळून आली होती, तरी ठणकत होता. पर्समध्ये घडी केलेला कोरा कागद होता. विश्रामने येता येता विचारलंच होतं, "लिवलास मां?" आणि ती "लिवतंय" म्हणाली होती.

हरिश्चंद्र पुढे झाले. घरात तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस देवासमोर उभा राहिला की आवाज वेगळाच व्हायचा, खोल आणि भरलेला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणाला.

"आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली आसत. ह्यो बालाजी गुरुजी परमुलखातसून इलो, पण तुज्या लेकरांका आपली लेकरां म्हणान शिकवल्यान."

"व्हय म्हाराजा!"

"वादळात उभो रवलो, सुखदुक्खात इलो-गेलो."

"व्हय म्हाराजा!" सुगंधाही म्हणत होती. म्हणावंच लागतं. प्रत्येक व्हय दाताखालच्या खड्यासारखा येत होता. आपल्यासाठी असं एकदा तरी? एकच ओळ? ह्या सुगंधा बाईक बरां ठेव म्हाराजा. पण तिच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं कारणच कधी पडलं नाही. ती कुठे जात नव्हती, पडत नव्हती, बुडत नव्हती.

"तर ह्येची बदली इलेली आसा ती तू मागे परतय, आणि ह्येका हयसरच, ह्या गावातच, ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग सगळे थांबले. धामणखोलात पद्धत अशी की ज्याचा नारळ, शेवटचा व्हय त्याचा. त्याने म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवाला पोचत नाही.

गुरुजी काही बोलले नाहीत.

हरिश्चंद्रांना वाटलं, बाहेरचा माणूस, त्याला माहीत नसेल. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा म्हटली, सावकाश. "हयसरच, ह्या गावातच, ठेव म्हाराजा."

"गुरजीनु," विश्राम कानाशी म्हणाला, "म्हणा. व्हय म्हाराजा."

गुरुजींनी टॉवेलचं टोक मुठीत धरलं. विश्राम नारळाकडे बघू लागला, तुळसा छपराकडे, विश्रामची बायको आपल्या पायाच्या अंगठ्याकडे. गाव सगळीकडे बघत होता, गुरुजींच्या तोंडाकडे सोडून.

हरिश्चंद्र म्हणाले, "देवासमोर नारळ आसा. कोणाच्या मनात काय आडकलां आसात तर हयच बोला. घराक न्हेव नका."

सुगंधाला वाटलं, आपणही गप्प बसावं. गुरुजी कसंबसं "व्हय" म्हणतील, मग त्यांना इथेच राहू दे, झाप नसलेल्या पडवीत भिजत. तिला ते चित्र क्षणभर आवडलंसुद्धा. पण भिजणाऱ्या त्या चित्रात पुस्तकं होती, पोरांचे पेपर होते, आणि गाठ कुठे मारायची ते तिने शिकवलेले दोन हात होते.

"गुरुजींनी औंदा झाप बांधूक नाय," ती म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"पडवी उगडी आसा. विश्राम, तुज्याच घराची पडवी. तू बघितलंस. तुळसा, तू बघितलंस. सगळ्यांनी बघितल्यानी. पावसाळ्यात रवचो माणूस झाप बांधल्याशिवाय जाता? त्यांका हय रवचां नाय. त्यांका आपल्या घराक जावचां आसा. त्यांका कोणी इचारूकच नाय."

"बाईनु!" विश्रामचा चेहरा तांबडा झाला. "तां तुमका वाटता! तुमका तर ते गेल्लेच होये आसत!"

पोरांचीसुद्धा चुळबुळ थांबली.

"व्हय," सुगंधा म्हणाली. "माका ते गेल्ले होये आसत. माका त्यांचो हेवो वाटता. ते इले तेव्हापासून वाटता. तुमी त्यांका रवा म्हणतास, देवाक नारळ ठेवतास. माका कधी कोणी रव म्हणूक नाय, कित्याक तर मी जायन असां कोणाच्या मनातच इलां नाय. तो हेवो माजो, मी सांबाळतंय. पण ते झाप माज्या हेव्यान सुटूक नाय. ते त्यांनीच बांधूक नाय. आणि एकटीन जमाचां नाय असां मी लिवचंय नाय. जमता. जमल्लां आसा."

तिने खांब धरला. हरिश्चंद्रांनी आपल्या सुनेकडे पाहिलं. मग देवाकडे वळले आणि घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा, ऐकलंस मां? आमचां चुकलां. जां मागूक इल्लव तां पाठी घे. ह्या लेकराक बऱ्यान त्येच्या घराक पोचय म्हाराजा."

गावाला व्हय म्हणायचं सुचलंच नाही. तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला. पाच वर्षांत मालवणी बोलताना त्यांची जीभ नेहमी अडखळायची. आत्ता अडखळली नाही.

"व्हय म्हाराजा!"

एवढा मोठा, एवढा खरा व्हय त्या देवळात कोणी ऐकला नसेल. तुळसा पदराने डोळे पुसू लागली, विश्रामही. आणि खांबाला टेकलेल्या सुगंधाच्या मनात आलं, मेल्याने हेसुद्धा किती छान म्हटलं!